निरोप आणि किल्ली

पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत आज बुलडाणा जिल्ह्यातली बरीच मुले-मुली नोकरी करतात. शेगाव, मलकापूर, चिखली इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही वाट रुळवली. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, की ऑफिसात एखादी बंद माहिती, म्हणजे समजा ग्राहकांची यादी किंवा पगाराचा तक्ता, कामासाठी उघडायची असेल तर काय करता? उत्तर बहुधा एकच येते, ‘चॅटवर मागतो.’

हे चॅट म्हणजे आपले घरगुती व्हॉट्सअ‍ॅप नव्हे. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही खास कचेरीच्या बोलण्यासाठी तयार झालेली साधने आहेत. दिवसभराची चर्चा, फाइली, सूचना सगळे तिथे चालते. कुलपांचे काम मात्र दुसऱ्याच प्रणालीकडे असते. कोण कर्मचारी कोणत्या विभागात आहे, त्याला काय उघडता येते, काय येत नाही, कधीपर्यंत, याचा हिशेब ती प्रणाली ठेवते. ऑक्टा हे त्यातले एक माहितीतले नाव.

ही दोन्ही साधने वेगळी असताना काय होई, ते सोपे आहे. कुणीतरी चॅटवर लिहायचे, ‘मला अमुक माहिती उघडून हवी.’ साहेब लिहायचे, ‘द्या.’ मग तिसराच माणूस दुसऱ्या प्रणालीत जाऊन दार उघडायचा. काम संपले की दार लावायचे, हे पुष्कळदा तिघेही विसरायचे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली महिनोन्‌महिने चालू राहायची. म्हणून ही दोन साधने एकमेकांना जोडण्याची पद्धत आली. आता अर्ज चॅटमध्येच होतो. ज्याचा अधिकार आहे त्याच्या पडद्यावर मागणाऱ्याचे नाव, कारण, मुदत आणि खाली दोन बटणे येतात : मंजूर, नामंजूर. मंजूर दाबले की चॅटकडून कुलपाच्या प्रणालीला निरोप जातो, दार उघडते आणि ठरलेल्या चार-सहा तासांनी आपोआप मिटते. कुणी मागितले, कुणी दिले, केव्हा मिटले, याची नोंद राहते.

तंत्रज्ञानाच्या माणसांना ही गेल्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट वाटते. मी इतिहास वाचणारा माणूस. मला यात एक फार जुना प्रश्न दिसतो. निरोप नेणारी यंत्रणा आणि कुलूप उघडणारी यंत्रणा, या दोहोंचा सांधा कसा जोडायचा आणि त्या सांध्यावर बसलेल्या माणसाने काय पाहून होकार द्यायचा? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या मातीत निदान तीनदा येऊन गेला आहे. साखरखेर्ड्याच्या रणात, वऱ्हाडच्या तहात आणि खामगावच्या रेल्वेत.

मंजूर म्हणजे काय?

आधी शब्दांकडे पाहू. परवाना, परवानगी, हुकूम, मंजूर, दाखला, दप्तर, मोहर, मुदत, रद्द, रुजवात, हक्क. कचेरीत आत जाण्याच्या आणि आत न जाऊ देण्याच्या व्यवहाराचा हा सगळा मराठी शब्दसंग्रह फारसी-अरबीतून आला आहे. दरवाजा फारसी आहे. कुलूप हे अरबी ‘कुफ्ल’चे मराठी रूप. चावी तेवढी पोर्तुगीजांनी आणली.

वऱ्हाडात हे शब्द रुजायला भरपूर काळ मिळाला. बहमनी राज्य मोडल्यावर इथे इमादशाही आली, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये आपल्या मेहकरचे नाव आहे. गावचा पाटील आणि कुलकर्णी बोलायचे मराठीत, पण वरच्या दप्तराशी त्यांचा संबंध यायचा तो या शब्दांतून. त्यामुळे हे शब्द परके राहिले नाहीत. आज कुणी ‘मंजूर’ म्हणताना फारसी बोलतोय असे त्याला वाटत नाही.

पण या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘नजर’ ज्या धातूपासून आली त्याच धातूपासून ‘मंजूर’ आला. त्याचा पहिला अर्थ आहे ‘पाहिलेले’. ज्यावर अधिकाऱ्याची नजर पडली आहे ते मंजूर. मान्य केलेले, संमत केलेले हा अर्थ नंतरचा. म्हणजे शब्द घडवणाऱ्यांच्या मनात पाहणे आधी होते आणि होकार त्यामागून येत होता.

अकबराच्या दप्तरात हे पाहणे कसे चाले, त्याचे वर्णन ‘आईन’मध्येच आहे. बादशहा दरबारात जे बोलला ते वाकियानवीस टिपून घेई. ते टिपण बादशहापुढे पुन्हा वाचले जाई आणि त्याची संमती मिळाली की त्यावरून ‘याददाश्त’ तयार होई. तिचा गोषवारा म्हणजे ‘तालीका’. त्यावर वाकियानवीस, रिसालदार, मीर अर्ज आणि दारोगा यांच्या सह्या-मोहरा लागत. यातून पुढे फरमान निघायचे, तेही आणखी काही हातांखालून. खास फरमानांसाठी ‘उझुक’ नावाची लहान गोल मोहर वेगळी होती. आजच्या माणसाला ही लालफीत वाटेल. पण यातल्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जात होता : हा शब्द खरोखर त्याच माणसाचा आहे का आणि तो कशासाठी आहे?

साखरखेर्डा, १७२४

एवढी मोहरबंद व्यवस्था असूनही ती कुठे तुटते, ते पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा पुरेसे आहे. जिजाऊंच्या जन्मगावापासून फार लांब नसलेल्या या गावाजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये एक लढाई झाली. तिने पुढची सव्वादोनशे वर्षे दख्खनचा नकाशा ठरवला.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मदशहा होता. निजामुल्मुल्क १७२२ पासून त्याचा वजीर. दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून निजामाने दिल्ली सोडली आणि तो दख्खनकडे वळला. बादशहाला हे खपले नाही. हैदराबादचा कारभार पाहणाऱ्या मुबारिज खानाला त्याने कळवले, की दख्खनची सुभेदारी आता तुमची. आजच्या भाषेत सांगायचे तर निजामाचा अधिकार रद्द झाला होता आणि तो दुसऱ्याच्या नावे केला गेला होता.

कागद अस्सल होता. मोहर खरी होती. पाठवणारा हिंदुस्थानचा बादशहा होता. पण त्या कागदाचा दख्खनमधल्या एकाही कुलपाशी सांधा उरला नव्हता. फौज निजामाची, सरदारांशी ओळखी निजामाच्या, बाजीराव पेशव्याची मदतही निजामालाच. साखरखेर्ड्याला दोन्ही फौजा भिडल्या, मुबारिज खान मारला गेला आणि निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. पुढच्याच वर्षी, १७२५ मध्ये, त्याच बादशहाने निजामाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्यता दिली आणि ‘आसफजाह’ हा किताब दिला. कुलूप आधी उघडले गेले, परवाना मागून आला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा आरंभ इतिहासकार याच लढाईपासून धरतात.

या लढाईकडे ‘फितूर सुभेदार’ किंवा ‘दुबळा बादशहा’ अशा नजरेने पाहायची सवय आपल्याला आहे. मला तिच्यात मुबारिज खान दिसतो. हातात संपूर्ण कायदेशीर हुकूम घेऊन तो मेला. दिल्लीतल्या दप्तराने त्याला अधिकार दिला, पण तो अधिकार जमिनीवर लागू करण्याची सोय त्या दप्तराकडे नव्हती, आणि दप्तराने हे त्याला सांगितलेही नाही.

किल्ली एका हातात नको

याच्या नेमके उलटे टोक सह्याद्रीच्या किल्ल्यांवर दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघेही बरोबरीचे. दरवाजा आणि किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, शिबंदी सरनोबताकडे. धान्य-कोठाराला कारखानीस वेगळा. एकटा कुणी फितला तरी गड जाऊ नये, हा त्यातला विचार. सांजेला बंद झालेला दरवाजा सकाळपर्यंत उघडायचा नाही, या शिस्तीची आठवण लोकांनी हिरकणीच्या आख्यायिकेत जपली आहे. तान्ह्या बाळासाठी आईने कडा उतरावा, पण पहाऱ्याने दार उघडू नये! त्या गोष्टीत महाराज बाईचे कौतुक करतात आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधतात. म्हणजे नियम मोडला नाही म्हणून पहारेकऱ्याला शिक्षा नाही, पण भिंतीत फट आहे हे कळल्यावर ती बुजवली जाते. सुरक्षेचे काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट आपलीच वाटेल.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळांना किल्लीची आणखी एक कथा ठाऊक असेल. हिजरी आठव्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, मक्का हाती आल्यावर काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडून घेण्यात आली. ती आपल्या घराण्याकडे असावी अशी जवळच्यांची इच्छा होती, असे परंपरा सांगते. पैगंबरांनी ती उस्मान यांनाच परत दिली. त्यांच्या बनी शैबा घराण्याकडे आजही ती किल्ली आहे. तेव्हापासून मक्केवर किती राजवटी आल्या आणि गेल्या! राज्य करणारा एक आणि किल्ली सांभाळणारा दुसरा, ही वाटणी चौदा शतके टिकली, कारण किल्ली ही मालकी नसून अमानत आहे हे दोघांनीही मानले.

दस्तक ज्याच्या त्याच्या खिशात

अमानत न मानल्यास काय होते, ते बंगालमध्ये दिसले. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने ईस्ट इंडिया कंपनीला फरमान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरून बंगालमध्ये जकातीशिवाय व्यापार करण्याची ती सवलत होती. कंपनीच्या मालाबरोबर ‘दस्तक’ नावाचा पास असे. नाक्यावरच्या माणसाने दस्तक पाहिले की माल सोडायचा. ही सवलत कंपनीच्या मालासाठी होती. पण कंपनीचे नोकर तीच दस्तके स्वतःच्या खासगी व्यापाराला लावू लागले, इतरांनाही देऊ लागले. नाक्यावरचा माणूस कागद ओळखत होता, कागद धरणारा हात कोणाचा आहे हे त्याला पडताळता येत नव्हते. नवाब मीर कासिमने वैतागून अखेर सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. युद्ध पेटले, १७६४ मध्ये बक्सर झाले आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. एका पासाचा गैरवापर हे त्या युद्धाचे एकमेव कारण नव्हते, पण मोठे कारण होते.

हीच कंपनी पुढे आपल्या दारात आली. हैदराबादच्या निजामाने ब्रिटिशांच्या हुकमतीतली ‘कंटिंजेंट’ फौज पोसायची होती. खर्च थकला, कर्ज साचले आणि १८५३च्या तहाने वऱ्हाड त्या खर्चापोटी कंपनीच्या कारभाराखाली दिले गेले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा व्यवहार कायमच्या भाडेपट्ट्यात बदलला, वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने पत्र पाठवून साफ नकार दिला. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मात्र मिळाला. म्हणजे बुलडाण्याच्या कलेक्टरावर ज्याचा हुकूम चालत नाही, त्याच्या मुलाच्या नावात वऱ्हाड!

१७२४ मध्ये पहिल्या आसफजाहने बादशहाला जे दाखवले होते, तेच इंग्रजांनी त्याच्या वंशजांना दाखवले. नाव दप्तरात असते. किल्ली जिथे असते तिथेच असते. दोहोंमधला सांधा ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचे.

लोखंडी गोळा

हा सांधा माणसाच्या मर्जीवर न सोडता यंत्रात बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न रेल्वेने केला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव वाढला. जीआयपी रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाववरून गेला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगाव हा कापसाचा मोठा बाजार या मार्गापासून काही मैल बाजूला राहत होता. म्हणून जलंब-खामगाव हा आठ मैलांच्या आसपासचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला.

रुळांबरोबर तारायंत्राच्या ताराही आल्या. आता एका रुळावर दोन्हीकडून गाड्या चालवायच्या असतील तर काय करायचे? समोरासमोर टक्कर टाळायला एका वेळी एकच गाडी त्या टप्प्यात हवी. सोपा उपाय म्हणजे तारेने विचारायचे : ‘गाडी पाठवू का?’ पलीकडून उत्तर, ‘पाठवा.’ जगभर बऱ्याच ठिकाणी हेच चाले. म्हणजे पहिल्या चॅटसारखेच. निरोप तारेवर, रूळ वेगळा, मध्ये माणूस.

१० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे ही पद्धत उघडी पडली. रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरने समोरची मेल गाडी पुढे येऊ देण्याचा निरोप लिहायला सांगितला. नियम असा, की त्याची सही झाल्याशिवाय तो तारेने पाठवायचा नाही. तारेवर बसलेल्या कारकुनाने तो सहीविना पाठवला. इकडे इन्स्पेक्टरने आपल्या बाजूची एक्स्प्रेस सोडली. चूक लक्षात आल्यावर निरोप रद्द करणारी तार धाडली गेली, पण मेल निघून गेली होती. पावसाळी रात्रीत दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. २५ माणसे गेली. खटला झाला आणि तारकारकुनाला तुरुंगवास भोगावा लागला.

या अपघातानंतर एडवर्ड टायर या इंग्लिश तंत्रज्ञाने १८७८ मध्ये नवे यंत्र काढले. त्याच्याच कुळातली नील यांची टोकन यंत्रे भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. दोन शेजारच्या स्टेशनांत दोन पेट्या, विजेच्या तारेने जोडलेल्या. पेटीत लोखंडी गोळे, प्रत्येकावर त्या टप्प्याची खूण. स्टेशनमास्तर घंटीचे ठरावीक ठोके देऊन पलीकडच्या मास्तराला विचारतो. लाइन मोकळी असेल तर पलीकडचा उत्तराचे ठोके देतो आणि आपल्या पेटीची कळ दाबून धरतो. तेव्हाच अलीकडच्या पेटीतून गोळा निघतो. तो गोळा पिशवीत घालून, मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिला जातो. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने त्या टप्प्यात शिरायचे नाही. एक गोळा बाहेर आहे तोवर दोन्ही पेट्यांतून दुसरा निघत नाही. गाडी पुढच्या स्टेशनला पोचली, गोळा पेटीत परत पडला, की परवाना आपोआप संपला.

ज्यांनी लहानपणी छोट्या स्टेशनावर धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती कडी झेलणारा ड्रायव्हर पाहिला असेल, त्यांनी हे दृश्य गंमत म्हणून पाहिले असेल. आजच्या चॅट-कुलूप जोडणीत जे जे आहे ते सर्व त्या पेटीत होते. विचारणा आणि कुलूप एकाच यंत्रात, दोन माणसांची संमती, एका वेळी एकालाच प्रवेश, परतीबरोबर संपणारी मुदत. आणि तारकारकुनासाठीही ती पेटी ढाल होती. सहीविना निरोप पाठवायला साहेबाने घाई केली, तरी गोळा निघणारच नव्हता.

तार गेली, चॅट आले

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटची तार करायला लोकांनी रांगा लावल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. योगायोग असा, की स्लॅक या कचेरी-चॅटची घोषणा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले झाले. एक यंत्रणा गेली, दुसरी आली. प्रश्न तोच राहिला.

सप्टेंबर २०२२ मध्ये उबर या कंपनीत जे घडले त्यावरून हे कळते. कंपनीनेच दिलेल्या माहितीनुसार, एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरट्याच्या हाती लागला होता. पण नुसत्या पासवर्डने दार उघडत नव्हते. प्रत्येक प्रयत्नाला त्या कर्मचाऱ्याच्या फोनवर विचारणा जायची, ‘हे तुम्हीच का? मंजूर?’ तो नाकारत राहिला. चोरटा पाठवत राहिला. शेवटी एकदा त्याने मंजूर दाबले. त्यानंतर चोरटा एकेक दार उघडत आत गेला आणि कंपनीच्या स्लॅकवर सगळ्यांना दिसेल असा निरोप टाकून आपण आत आल्याचे त्यानेच जाहीर केले.

यंत्राचा सांधा इथे पक्का होता. निरोप कुलपाशी जोडलेला होता, संमती मागितली जात होती. तुटले ते पाहणे. त्या कर्मचाऱ्याला दोष देणे मला पटत नाही. दिवसातून पन्नास वेळा विचारणाऱ्या बटणाकडे कोणता माणूस प्रत्येक वेळी नीट पाहील? ‘मंजूर’ या शब्दातून नजर काढून घेतली आणि फक्त बोट ठेवले, तर असेच होणार. म्हणून आता जाणकार सांगतात, की अर्जासोबत कारण दिसू द्या, मागणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसू द्या, मोठ्या कुलपांना दोन माणसांची संमती ठेवा आणि विचारणा कमी पण मोजकी करा. अकबराचा वाकियानवीस आणि गडावरचा सबनीस हेच करत होते.

आपला ओटीपी

कुणाला वाटेल, की हे सारे हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपुरते आहे. तसे ते नाही. निरोप आणि कुलूप यांची जोडणी आज बुलडाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पोचली आहे. तिचे नाव ओटीपी.

पीकविम्याचा अर्ज, रेशनकार्डाची केवायसी, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, सगळीकडे फोनवर सहा आकडी निरोप येतो. तो आकडा हीच किल्ली असते. खामगावच्या स्टेशनमास्तराला आपल्या पेटीची कळ कशासाठी दाबायची हे माहीत असायचे. आपल्याकडे म्हातारी खाला किंवा शेतावरून थेट आलेला काका केंद्रावरच्या मुलासमोर फोन धरतात, ‘बाबा, काय आलंय बघ अन् टाक.’ तो मुलगा बहुधा सरळच असतो. पण मंजुरी त्यांच्या नावे पडते आणि पाहिलेले असते दुसऱ्याने. कशाला होकार गेला हे त्यांना सांगणारी चिठ्ठीही कित्येकदा त्यांच्या हाती येत नाही.

शिकलेली माणसे यावर म्हणतात, ‘ओटीपी कुणालाही सांगू नका.’ सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. ज्याला निरोपाची भाषाच वाचता येत नाही त्याने काय करायचे? तो निरोप पुष्कळदा इंग्रजीत येतो. तो स्वच्छ मराठीत, उर्दू वाचणाऱ्यांना उर्दूत यायला हवा. आणि त्यात आकड्याच्या आधी लिहिलेले हवे, की हा होकार कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत. दिलेला होकार मागे घेण्याची सोय तितकीच सोपी हवी. केंद्रावर काय मंजूर झाले त्याचा कागद माणसाच्या हातात हवा. या काही मोठ्या मागण्या नाहीत. चारशे वर्षांपूर्वीच्या दप्तराने मोहर मारण्याआधी विचारलेले प्रश्न आहेत हे.

आपल्या घरातून संगणक क्षेत्रात गेलेल्या मुला-मुलींना म्हणूनच मला एक काम सुचवावेसे वाटते. ऑफिसात तुम्ही दोन प्रणाली जोडता तेव्हा मंजुरीच्या बटणाशेजारी काय दिसावे हे तुम्हीच ठरवता. तिथे कारण, नाव आणि मुदत ठळक लिहिण्याचा आग्रह धरा, नोंद अशी ठेवा की उद्या चूक झाली तर सर्वांत धाकट्या कारकुनाला आपली बाजू दाखवता येईल. आणि सुट्टीत गावी याल तेव्हा आपल्या अम्मीच्या, दादीच्या फोनवर आलेले निरोप त्यांना एकदा वाचून दाखवा, त्यांचा अर्थ सांगा. बटण त्यांनाच दाबू द्या, पण पाहून.